चौदा सूचना आणि एक नळ

"प्लंबर? आपल्या घरात? आणि तोही सीलंट भरायला?" सूचनारावांनी चहाचा कप असा काही आपटला की बशीच्या पोटात गोळा आला. "अगं, जगातले प्लंबर माझं वाचून काम करतात!"

हे अगदीच खोटं नव्हतं. सूचनाराव ज्या कारखान्यात नोकरीला होते तिथे सीलंट तयार व्हायचं. सीलंटच्या प्रत्येक खोक्यातून घडी घातलेलं एक पत्रक निघायचं, 'वापरण्यापूर्वी खालील चौदा सूचना काळजीपूर्वक वाचा' असं बजावणारं. ते पत्रक त्यांनी लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी! तेव्हापासून दर वर्षी ते त्यातला एखादा स्वल्पविराम उचलून दुसरीकडे ठेवत आणि खाण खणून आल्यासारखे दमत. 'सूचनाराव' हे नाव ऑफिसने ठेवलं, ते चालत चालत घरापर्यंत आलं आणि मूळ नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

एकोणीस वर्षांत सीलंटवर त्यांनी लाखभर शब्द लिहिले असतील. सीलंटची नळी मात्र एकदाही हातात धरलेली नव्हती. पोहण्यावर ग्रंथ लिहिणाऱ्याने जन्मभर तांब्याने अंघोळ करावी, तसला प्रकार.

"तुमचं वाचतात ते ठीक," बायको म्हणाली, "पण रविवारी संध्याकाळी बाबा येतायत. तोवर बाथरूम झालं पाहिजे. नाहीतर ते गुडघे टेकून खाली बसतील आणि मग त्यांना उठवायला माणसं बोलवावी लागतील. डॉक्टरांनी काय सांगितलंय, आठवतंय ना?"

आठवत होतं. बाबा, म्हणजे सूचनारावांचे सासरे, चाळीस वर्षं गवंडी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बाथरूममध्ये भिंत आणि फरशी जिथे भेटतात तो सांधा गेल्या वर्षी फुटला, तेव्हा मिस्त्रींनी कोणाचं न ऐकता खाली बसून त्यात पांढरं सिमेंट भरलं. सिमेंट पाच महिन्यांत तडकलं, गुडघा त्याआधीच. आता डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केलेली. पण सांधा गळतोय हे कळल्यावर मिस्त्री खुर्चीत बसून राहतील, हे डॉक्टरांनाही खरं वाटलं नसतं.

गळत होतं ते खालच्या मजल्यावर. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत. शिलाईवाल्या बाई. त्यांच्या मशीनच्या बरोबर वर छतातून थेंब पडत आणि त्या बाई थेंब मोजत. ज्या बाईने आयुष्यभर टाके मोजले, ती थेंब सोडते होय! "परवा मिनिटाला नऊ होते, आज अकरा आहेत," असं त्या जिन्यात गाठून सांगत. भांडत नसत. नुसता आकडा सांगत. भांडण परवडलं असतं.

"मुळात सिमेंट भरलं हीच चूक," सूचनारावांनी आवाज खाली आणून म्हटलं. सासरे अजून शंभर मैलांवर होते, तरीही. "सिमेंट ताठ असतं. भिंत उन्हाने जरा फुगते, थंडीने जरा आक्रसते. फरशी आपल्या जागी वेगळीच हलते. मध्ये ताठ सिमेंट असलं की ते तडकणारच! सीलंट तसं नसतं. ते दोघांच्या मधल्या फटीत बसतं, दोघांना चिकटून राहतं, दोघांना हवं तेवढं हलू देतं, ताणलं तर ताणतं, दाबलं तर दबतं, आणि तरी पाण्याचा थेंब आरपार जाऊ देत नाही."

बायकोने क्षणभर विचार केला. "म्हणजे मीच की," ती म्हणाली. "तुमच्या आणि बाबांच्या मधली."

सूचनारावांनी हे ऐकलं नाही. ते बंदूक शोधत होते.

*

शनिवारी सकाळी नऊ वाजता मोहीम सुरू झाली. सीलंटची नळी ज्यात बसवतात त्या लोखंडी सांगाड्याला बंदूक म्हणतात. ती हातात आल्याबरोबर सूचनारावांची चाल बदलली. पत्रक त्यांनी बेसिनच्या आरशाला चिकटवलं.

सूचना एक ते चार झकास पार पडल्या. जागा कोरडी हवी, म्हणून त्यांनी घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. तडकलेलं सिमेंट पात्याने खरवडून काढलं. कचरा पाइपात जाऊ नये म्हणून बेसिनचं तोंड चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केलं आणि खालच्या जाळीवर प्लास्टिक टाकून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. इतकी मारली, की जाळी परदेशी पाठवायची असावी.

सूचना पाच: नळीवर टोक घट्ट बसवावे. बसवलं.

सूचना सहा: नळीच्या तोंडावरील पडदा कापावा.

सूचनाराव थांबले. पडदा टोकाच्या आत गेला होता. टोक वर घट्ट बसलं होतं. कापायचा कसा? त्यांनी नळी उलटी केली, हलवली, टोकातून एक डोळा मिटून आत पाहिलं. मग त्यांनी जगभरचे लोक करतात तेच केलं. सूचना सोडून दिली आणि घोडा दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला. दोन्ही हातांनी दाबला. शेवटी बंदूक पोटाशी धरून, दात खाऊन असा दाबला की नळीच्या पुढच्या तोंडाने हार मानली नाही, पण मागच्या बुडाने मानली. फस्सकन आवाज झाला आणि पांढरंशुभ्र सीलंट मागून उसळून सूचनारावांच्या कोपरापासून बगलेपर्यंत पसरलं!

"कोणत्या गाढवाने लिहिलंय हे!" सूचनाराव ओरडले.

बाहेरून बायको म्हणाली, "मला विचारताय?"

दुसरी नळी घेतली, पण आता धीर खचला होता. पत्रकाच्या तळाशी मदतीचा फोन नंबर होता. तोही त्यांनीच लिहिलेला. त्यांनी आवाज जाड केला आणि फोन लावला.

"नमस्कार, ग्राहक मदत विभाग. आपण कोण बोलताय?"

आता खरं नाव सांगणं शक्य नव्हतं. सूचनारावांच्या तोंडून भसकन निघालं, "मी... मिस्त्री बोलतोय. चाळीस वर्षं गवंडीकाम आहे आपलं."

"बोला मिस्त्री."

"नळीतून माल येत नाही हो, बाई."

"पत्रकातली सूचना सहा वाचा, मिस्त्री. नळीच्या तोंडावरील पडदा कापावा."

"अहो, पण पाचमध्ये टोक घट्ट बसवायला सांगितलंय! मग सहामध्ये कापणार कुठून?"

पलीकडे बाई हसल्या. वर्षानुवर्षं त्याच प्रश्नावर हसणाऱ्या माणसाचं हसू होतं ते. "आधी सहा करा, मग पाच करा. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. दिवसाला पंचवीस फोन येतात या एकाच गोष्टीसाठी."

"पंचवीस!" सूचनारावांच्या कपाळावर घाम आला. "मग... मग ते बदलत का नाहीत?"

"आम्ही कळवलं होतं दोनदा. तिकडून उत्तर आलं, पत्रकाची भाषा निर्दोष आहे म्हणून. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची तक्रार नोंदवून घेऊ का? तुमचं काय म्हणणं आहे पत्रकाबद्दल?"

"ते... कोणत्या गाढवाने लिहिलंय, असं," सूचनाराव अवसान गळून म्हणाले.

"लिहून घेतलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार प्रसन्न होता.

*

आधी सहा, मग पाच. आणि काय सांगावं! घोड्याला नुसतं बोट टेकलं तरी सीलंट लोण्यासारखं यायला लागलं. सूचनारावांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक सलग पट्टी ओढली, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून तिच्यावरून फिरवलं, मागे सरून पाहिलं आणि त्यांचा त्यांनाच हेवा वाटला. इतकी सुरेख रेघ त्यांनी पेनाने कधी काढली नव्हती.

इथे थांबले असते तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण नळी अर्धी उरली होती, आणि सूचना तेरा अशी होती: 'उघडलेली नळी साठवून ठेवू नये, त्याच दिवशी वापरावी.'

सूचनाराव फटी शोधत निघाले. हातात हातोडा असलेल्याला सगळीकडे खिळे दिसतात म्हणे. सूचनारावांना सगळीकडे गळती दिसू लागली. बेसिन भिंतीला टेकतं तिथे भरलं. उंबऱ्याच्या दगडाखाली भरलं. आरशाच्या कडेने भरलं. साबणदाणीच्या स्क्रूवर एकेक ठिपका दिला. शेवटी बेसिनच्या आत, काठाखाली दोन बोटांवर, एक छोटं गोल भोक दिसलं.

"हे बघ!" त्यांनी बायकोला हाक मारली. "इतकी वर्षं हे भोक उघडं! कोणाचं लक्ष नाही."

"ते कशासाठी तरी असेल."

"भोक कशासाठी असतं? गळण्यासाठी!" आणि त्यांनी ते भोक बुजवलं, वर बोटाने गुळगुळीत केलं.

मग हात धुवायला त्यांनी बेसिनचा नळ सोडला. पाणी आलं नाही, कारण कॉक त्यांनीच बंद केलेला. "हो की," म्हणाले आणि फडक्याला हात पुसत बाहेर आले. दार ओढून घेतलं, त्यावर कागद लावला: 'प्रवेश बंद. चोवीस तास.' खाली सही केली.

नळ? नळ तसाच राहिला, मोकळा, हसऱ्या तोंडाने.

तीन वाजता बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, मला पाणी कधी मिळणार?" सूचनारावांनी जाऊन मुख्य कॉक सोडला आणि खुर्चीत पसरले.

थोड्या वेळाने बायको बाहेर आली. "कसला आवाज येतोय? पाणी पडल्यासारखा?"

"सीलंट वाळतंय," सूचनाराव डोळे न उघडता म्हणाले.

"वाळताना आवाज होतो?"

"हवेतला ओलावा शोषून ते घट्ट होतं. रसायन आहे ते. तुला नाही कळायचं."

बायकोला रसायन कळत नव्हतं, पण पाणी कळत होतं. ती बाथरूमकडे निघालीच होती, तेवढ्यात घंटी वाजली. दारात मिस्त्री! एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव.

"बाबा! तुम्ही उद्या येणार होतात ना?"

"फोनवर म्हणालीस ना काम काढलंय, म्हटलं चालू असताना बघावं," मिस्त्री म्हणाले. "झाल्यावर काय, सगळ्यांचीच कामं चांगली असतात. कुठाय तुमची ती रबराची मलई, जावईबापू?"

"मामा, बसा तरी. पाणी घ्या. आत आत्ता जाता येणार नाही, चोवीस तास—"

पण मिस्त्रींचा चष्मा पिशवीत होता, त्यामुळे कागदावरचं त्यांना दिसलं नाही. आणि दिसलं असतं तरी जावयाची सही पाहून ते थांबले असते असं नाही. त्यांनी काठीने दार ढकललं.

आत तळं होतं.

उंबऱ्याच्या काठापर्यंत, चांगलं चार बोटं खोल, स्वच्छ पाणी. त्यावर लाल मग तरंगत होता, मगाच्या मागे एक चप्पल, चपलेच्या मागे दुसरी. बेसिनच्या काठावरून करंगळीएवढी धार अगदी शांतपणे खाली उतरत होती. आणि आरशावरून सुटलेलं पत्रक पाण्यावर उताणं पडून, 'काळजीपूर्वक वाचा' म्हणत गोल गोल फिरत होतं.

सूचनारावांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढंच काय ते पळालं. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

मिस्त्रींनी काठी पाण्यात बुडवून खोली पाहिली. मग त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "वा!"

"अं?"

"वा, जावईबापू! पाणी तुंबवून बघताय! हल्ली कोण करतंय एवढं? आमच्या वेळी गच्ची झाली की बांध घालून चोवीस तास पाणी भरून ठेवायचो. खाली थेंब आला नाही तर काम पास. मला वाटलं, हे तुमच्या पत्रकात नसेल."

सूचनारावांनी तोंड उघडलं. खरं सांगायला की खोटं, हे त्यांचं त्यांनाही ठरलेलं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि सासऱ्यांच्या तोंडून 'वा' हे अक्षर ते प्रथमच ऐकत होते. असं अक्षर कोणी परत करतं का?

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. मग साडी सावरून पाण्यात उतरली, नळ बंद केला आणि म्हणाली, "हो बाबा, झालंच होतं भरून."

पुन्हा घंटी! शिलाईवाल्या बाई. गळ्यात टेप, चेहऱ्यावर काळजी. "सगळे बरे आहात ना? दुपारपासून एकही थेंब नाही! अकराचा आकडा एकदम शून्यावर. म्हटलं, घरात काही झालं की काय!"

"ऐकलंत?" मिस्त्री म्हणाले. "चार बोटं पाणी आणि खाली शून्य! आता उद्या संध्याकाळपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही."

"उद्या... संध्याकाळपर्यंत?" सूचनाराव म्हणाले.

"चोवीस तास म्हणजे चोवीस तास. खुर्ची आणा मला. आणि पेन्सिल."

मिस्त्रींनी काठीच्या टोकाला पेन्सिल बांधली, पाण्याच्या रेषेवर टाइलवर खूण केली आणि खुर्ची टाकून दारात बसले. गुडघा सुखरूप, लांब पसरलेला. बायकोला हवं होतं ते झालं होतं. एवढंच की घरात बाथरूम एकच होतं, आणि त्यावर आता पहारा होता.

त्या चोवीस तासांत सूचनाराव टॉवेल खांद्यावर टाकून किती वेळा जिना उतरले याचा नक्की आकडा शिलाईवाल्या बाईंकडे आहे. रविवारी सकाळी तिघं ओळीने बाईंकडेच अंघोळ करून, केस निथळत त्यांच्या मशीनपाशी उभे राहिले तेव्हा बाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "छत बंद झालं हो, पण आता तुम्ही तिघं टपकताय!"

*

रविवारी पाच वाजता पाणी पेन्सिलीच्या खुणेवर होतं. केसभरही उतरलं नव्हतं. मिस्त्रींनी सूचनारावांना जाळीवरची चिकटपट्टी काढायला लावली. काढायला वीस मिनिटं लागली. मारली होतीच तशी. मोठा गुरगुराट करून तळं गेलं. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच काठीच्या टोकाने सांध्यावरची पांढरी पट्टी दाबली. ती दबली आणि परत वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली.

"सिमेंट असतं तर उलट बोललं असतं," ते म्हणाले. एवढंच. पण सूचनारावांची छाती इतकी फुगली की सदऱ्याच्या गुंड्यांना शिलाईवाल्या बाईंची आठवण झाली.

मग मिस्त्री बेसिनकडे वळले. वाकले. पिशवीतून चष्मा काढून लावला. एक खिळा काढला आणि काठाखालच्या त्या भोकातून पांढरं, गुळगुळीत बूच उकरून बाहेर काढलं. ते त्यांनी जावयाच्या तळहातावर ठेवलं.

"बेसिन भरलं की जास्तीचं पाणी जायला ठेवतात हे भोक," ते शांतपणे म्हणाले. "हे पण चाचणीसाठीच का?"

सूचनारावांनी बूच मुठीत मिटलं. "मामा... नळ चुकून राहिला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दार ढकललं तेव्हापासून. पाणी भरताना कोणी स्वतःच्या चपला आत ठेवतं का?"

"मग तुम्ही 'वा' म्हणालात ते?"

"ते सांध्याला म्हणालो," मिस्त्री म्हणाले. "काम चांगलं झालंय. बाकीचं म्हटलं बघू, किती तास टिकतंय. पाणी चोवीस तास टिकलं. तुम्ही पण टिकलात." आणि चष्मा काढून पिशवीत टाकला.

*

सोमवारी सूचनाराव ऑफिसात पोचले तेच मुळी ठरवून, की पाच आणि सहाची अदलाबदल करायची, गुपचूप, कोणाला न सांगता. पण टेबलावर आधीच एक कागद होता. वरती साहेबांचा शेरा, तांबड्या शाईत.

'चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या एका मिस्त्रींनी आपल्या पत्रकाबद्दल तक्रार केली आहे. लेखकाविषयी त्यांनी वापरलेला शब्द सोबत जोडला आहे. अशी अनुभवी माणसं मिळत नाहीत. त्यांच्या नंबरावर संपर्क साधावा आणि पुढचं पत्रक छापण्यापूर्वी त्यांच्याकडून तपासून घ्यावं.'

नंबर सूचनारावांच्या घरचा होता. करता काय? संध्याकाळी पत्रक घेऊन ते सासऱ्यांसमोर उभे राहिले. काय झालं ते सगळं सांगितलं, तो शब्दसुद्धा. मिस्त्री हसले नाहीत. नुसते इतका वेळ खोकले, की बायकोला पाणी आणावं लागलं. मग त्यांनी चष्मा लावला, काठीची पेन्सिल सोडवून घेतली आणि दोन तास बसले. पाच आणि सहाची जागा बदलली. तेरामध्ये भर घातली: 'उरलं म्हणून दिसेल त्या भोकात भरू नये.'

नवं पत्रक छापून आलं आहे. मदतीचे फोन दिवसाला पंचवीसवरून दोनावर आले आणि साहेबांनी सूचनारावांचं जाहीर कौतुक केलं. ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. कारण त्या पत्रकात सूचना आता पंधरा आहेत. कुठलंही खोकं उघडा, अगदी वरती, जाड अक्षरात, मिस्त्रींनी स्वतः सांगून छापून घेतलेली पहिली सूचना सापडेल:

'१. नळीतून माल निघाला नाही तरी चालेल, पण आधी नळ बंद आहे का ते बघावे.'